अंधाराची साक्ष

२०२२ सालच्या रमजानचा तो एकोणतिसावा रोजा. तारीख १ मे. जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोकळे पठार आहे. तिथून पश्चिमेचे क्षितिज अगदी खालपर्यंत दिसते. ईदचा चाँद पाहायला आमच्यातले चार-पाच जण तिथे जातात. त्या दिवशी मीही गेलो. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला आणि सगळे पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहिलो. अमावास्या त्याच पहाटे दोनच्या सुमारास उलटली होती. म्हणजे चंद्राचे वय जेमतेम सतरा तास. त्यात उन्हाळ्याची धूळ. तरी एका पोराला वाटले की दिसला. तो ओरडलाच. सोबतच्या चाचांनी शांतपणे विचारले, "किधर दिखा रे? उंगली से बता. नोकां किधर कू हैं?" पोरगा पुन्हा पाहू लागला आणि मग गप्प झाला.

रात्री मशिदीतून जाहीर झाले, चाँद नजर आलेला नाही, उद्या तिसावा रोजा. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण त्याच्या नेमकेपणाकडे माझे लक्ष त्या रात्री गेले. 'चाँद नाही' असे कोणी म्हणत नाही. चंद्र कुठेतरी असणारच, त्याबद्दल कोणाला शंका नसते. साक्ष फक्त एवढीच द्यायची असते, की आम्ही पाहिले आणि आम्हाला दिसला नाही. न दिसणे आणि नसणे यांत जे अंतर आहे ते आपल्या पूर्वजांनी एका साध्या वाक्यात सांभाळून ठेवले आहे. रोजच्या जगण्यात मात्र आपण ते किती वेळा ओलांडतो!

हे सुचायला कारण होते. चाँद पाहणारे परतले, मी आणि माझा भाचा मागे थांबलो. माझ्याजवळ ऐंशी मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण आणि एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे. त्या रात्री मला काळोखाचा फोटो घ्यायचा होता.

काळोखाचा फोटो म्हणजे काय, ते सांगतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनु राशी दक्षिणेला वर येतात. ज्येष्ठा नक्षत्राचा तांबूस तारा ओळखता आला की त्याच्या डावीकडे भुजंगधारीचे पाय सापडतात. तिथे आकाशगंगेच्या दुधी पट्ट्यात काळ्या चिरा आणि डाग दिसतात. त्यांतल्या एका मोठ्या डागाचा आकार तंबाखूच्या पाइपसारखा आहे आणि तेच त्याचे नाव पडले आहे. आपल्याकडे अशा वस्तूंना 'कृष्ण तेजोमेघ' म्हणतात. शब्द गमतीचा आहे, कारण ज्यात तेजच नाही त्याला तेजोमेघ कसे म्हणायचे? मी त्यांना काळे मेघ किंवा धूलिमेघ म्हणतो.

या काळ्या डागांचा इतिहास म्हणजे न दिसण्याला नसणे समजण्याचा इतिहास आहे. विल्यम हर्षल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या दुर्बिणीतून वृश्चिकेतला असाच एक भाग पाहिला. तारेच नाहीत! हे आकाशातले भोक आहे, असे त्यांना वाटले. भोकाच्या कडेलाच ताऱ्यांचा एक दाट गुच्छ होता. त्या गुच्छाने आजूबाजूचे तारे ओढून घेतले म्हणून इथे जागा रिकामी झाली, असा तर्कही त्यांनी १७८५ च्या निबंधात मांडला. तर्क हुशारीचा होता आणि मांडणारा माणूस त्या काळातला सर्वश्रेष्ठ निरीक्षक होता. तरीही तो चुकला. तारे दिसत नव्हते, एवढेच खरे होते. तारे नाहीत, हे त्यात हर्षलने आपल्या पदरचे घातले होते.

हे भोक बुजवायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या कामात ज्या माणसाचा वाटा मोठा, त्याची कहाणी आपल्या वाचकांना जवळची वाटेल. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड १८५७ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी जन्मला. बाप जन्माआधीच वारलेला, घरात कमालीची गरिबी. नवव्या वर्षी तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. शाळा अशी जवळजवळ नाहीच. पुढे धूमकेतू शोधून मिळालेल्या बक्षिसांच्या पैशांतून त्याने घर बांधले. १८९२ साली त्याने गुरूचा पाचवा चंद्र शोधला. पण त्याचे खरे प्रेम होते आकाशगंगेच्या फोटोंवर. १८८९ पासून लिक वेधशाळेत आणि पुढे यर्किस वेधशाळेत तो तासन्‌तास काचेच्या प्लेटा प्रकाशात धरून बसे. त्या प्लेटांवर काळे डाग स्पष्ट उमटू लागले.

आणि तरीही बर्नार्ड वर्षानुवर्षे निर्णय देईना. इतर काही जण म्हणत होते की ही भोके नाहीत, पुढे काहीतरी आडवे आले आहे. बर्नार्ड स्वतः आधी भोकांच्याच बाजूला झुकलेला होता. १९१३ च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग त्याने पुढे लिहून ठेवला आहे. रात्र निरभ्र होती, चंद्र नव्हता, तो धनु राशीचा फोटो घेत होता. तेवढ्यात त्या तेजस्वी पट्ट्यावरून आपल्याच वातावरणातले काही चिमुकले ढग सरकत गेले. उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले आणि प्लेटांवरच्या काळ्या डागांची त्याला आठवण झाली. १९१९ साली त्याने १८२ काळ्या डागांची यादी प्रसिद्ध केली. यांतले बरेचसे डाग म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या वस्तूच आहेत असे त्याने म्हटले, पण सगळेच तसे असतील असा दावा केला नाही. १९२३ मध्ये तो गेला. त्याच वर्षी जर्मनीच्या मॅक्स वोल्फने साधा उपाय वापरून प्रश्नाला हात घातला. त्याने तारे मोजले. काळ्या भागातले मोजले, शेजारच्या स्वच्छ भागातलेही मोजले. तेजस्वी तारे दोन्हीकडे सारखे निघाले. एका पायरीनंतर काळ्या भागातले मंद तारे एकदम कमी झाले. म्हणजे जवळचे तारे पुढे आहेत, दूरचे झाकले गेले आहेत आणि मधे पडदा आहे. १९३० साली ट्रम्पलरने दाखवून दिले की असा धुळीचा पातळ थर आकाशगंगेच्या प्रतलात सगळीकडेच आहे.

बर्नार्डचा आकाशगंगेचा चित्रसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ साली निघाला. तो पुरा केला फ्रॉस्ट या सहकाऱ्याने आणि मेरी कॅल्व्हर्ट या बर्नार्डच्या भाचीने. छापखान्याच्या ठशांवर विश्वास नको म्हणून त्यात खरे फोटो चिकटवले होते. सातशे प्रतींसाठी पस्तीस हजारांवर फोटो लागले आणि त्यांतला प्रत्येक बर्नार्डने आपल्या डोळ्यांखालून घातला होता. कोणत्याही प्रतीत नसलेला डाग दिसू नये आणि असलेला पुसला जाऊ नये, एवढ्यासाठी. साक्षीदार असा असावा.

आता या डागांपैकी एक पाहू. बर्नार्डच्या यादीतला अडुसष्टावा. पाइपच्या जवळच आहे. चारशे-पाचशे प्रकाशवर्षे दूर आणि अर्धा प्रकाशवर्ष रुंद असा छोटा काळाकुट्ट गोळा. साध्या प्रकाशात त्याच्या मध्यातून एकही मागचा तारा दिसत नाही. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींनी त्याचे फोटो घेतले, आणि अवरक्त प्रकाशात पाहिल्यावर मागचे तारे दिसू लागले. काळा गोळा जणू विरघळला. कारण समजायला सोपे आहे. धुळीचे कण फार बारीक असतात. ते निळा प्रकाश अधिक अडवतात आणि तांबड्याला त्या मानाने जाऊ देतात. मावळता सूर्य लाल का दिसतो, त्यातलाच हा प्रकार. अवरक्त प्रकाश तर तांबड्याच्याही पलीकडचा. मागचे किती तारे किती लाल झाले आहेत, हे मोजून या ढगात कुठे किती धूळ आहे याचा नकाशा शास्त्रज्ञांनी २००१ साली मांडला. ज्यांना झाकले होते, त्यांच्याच प्रकाशाने झाकणाऱ्याची मोजदाद झाली.

आणि ही धूळ म्हणजे केर नव्हे. वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे हे कण म्हाताऱ्या ताऱ्यांच्या भोवती तयार होतात आणि अवकाशात पसरतात. ढगाच्या आत बाहेरचा उजेड पोचत नाही, त्यामुळे तिथे उणे अडीचशे अंशांच्याही खाली गारठा असतो. हा गारठाच उपयोगी पडतो. वायू शांत होतो, आपल्याच वजनाने आत ओढला जातो आणि त्यातून तारा जन्मतो. असे गोळे ताऱ्यांच्या जन्माच्या जागा असाव्यात, असे बार्ट बोक आणि एडिथ रायली यांनी १९४७ साली सुचवले. पुढे अवरक्त निरीक्षणांत अशा अनेक गोळ्यांत नवजात तारे सापडले. हेच बोक १९४९ साली एका धूमकेतूच्या नावातही आले. तो धूमकेतू शोधणारा तरुण होता वेणु बाप्पू. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत असल्यामुळे तो तिथल्या दुर्बिणींच्या सावलीत वाढला होता. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. ज्याला हर्षल भोक समजला, ते असे भरलेले घर निघाले.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. अंधारात काही ना काही असते, म्हणून अंधाराला रिकामे म्हणू नये. व्याख्यानात हे वाक्य टाळ्या घेऊन जाते आणि मीही ते शाळेत बऱ्याचदा म्हटले आहे. पण दुर्बिणीमागे बसल्यावर कळते की अंधाराची साक्ष देताना आणखी एक खोटेपणा होऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असतो. नसलेले दाखवण्याचा.

असा फोटो एका क्लिकमध्ये मिळत नाही. त्या रात्री एक ते चार या वेळात मी तीन-तीन मिनिटांचे साठेक फोटो घेतले. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीण सावकाश फिरत राहते. नंतर संगणकावर हे फोटो एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायची. प्रत्येक फोटोत असलेले टिकते आणि कॅमेऱ्याची चुकार चरचर विरते. तरीही हाती येते ते जवळजवळ काळे चित्र. मग त्यातला मंद प्रकाश ताणून वर आणायचा. ताणणे हाच शब्द आम्ही लोक वापरतो. किती ताणायचे, ते ठरवणारा तुमच्याशिवाय तिथे दुसरा कोणी नसतो.

दुसरी अडचण शहरांच्या उजेडाची. आमच्या पठारावरून दक्षिणेला चाकण-पुण्याचा उजेड वर चढलेला दिसतो. फोटोच्या खालच्या बाजूला त्याची पिवळट झाक येते आणि ती वजा करावी लागते. त्यासाठी संगणकाला सांगायचे, की बाबा, चित्रात या या जागा रिकाम्या आहेत, इथला उजेड शून्य धर. आता अडचण पाहा. या भागात धूळ नाही कुठे? रिकामी म्हणून मी ज्या जागेवर बोट ठेवले, तिथे विरळ धूळ असेल तर माझ्या बोटाने ती कायमची पुसली जाते. मी शहराचा उजेड काढतो आहे असे समजत असतो आणि प्रत्यक्षात आकाश काढून टाकत असतो. उलट, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात मुळातच उजेड कमी पडतो. त्याला मी धूळ समजून ताणले, तर जिथे काही नाही तिथे सुंदर ढग उभा राहतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आली आहेत. ती तारे पुसून देतात, धूसर कडा रेखीव करून देतात. त्यांना शेकडो चित्रे दाखवून शिकवलेले असते. त्यामुळे कडा कशी असावी हे त्यांना माहीत असते, आणि कधी कधी ती नसलेली कडाही काढून देतात. चित्र देखणे होते. साक्ष मात्र बिघडते.

यावर नेहमीचा तोडगा असतो, की ताणलेले सगळे खोटेच म्हणा ना! पण तसेही नाही. डोळ्याला दिसत नाही म्हणून मंद प्रकाश खोटा ठरत नाही. बहिऱ्या माणसाच्या कानाला यंत्र लावले तर ऐकू येणारा आवाज बनावट नसतो. माझी कसोटी साधी आहे. जे मी वर आणले ते प्लेटवर आधी होते का? आणि ते आकाशातून आले की माझ्या घरातून? या दुसऱ्या प्रश्नाने मला चांगलाच धडा दिला.

त्या रात्री एक काम राहून गेले होते. फोटो संपले की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून पहाटेच्या फटफटीत आकाशाचे काही फोटो घ्यायचे असतात. त्यांना फ्लॅट म्हणतात. त्यात तारे नसतात, ढग नसतात. त्यात फक्त आपल्या भिंगावरचे आणि सेन्सरवरचे धुळीचे कण, आपल्या कोपऱ्यांतला काळोख, असे आपले स्वतःचे दोष उमटतात. मग आकाशाच्या चित्राला त्या दोषांच्या चित्राने भागायचे. दोष निघून जातात, उरते ते आकाश. पण चार वाजून गेले होते, तिसाव्या रोजाची सेहरी व्हायची होती, भाचा पेंगुळला होता. आम्ही सामान गुंडाळले आणि घरी आलो.

पुढे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी तो फोटो मोठा छापून लावला. बर्नार्डचा अडुसष्टावा मधोमध होता आणि बाजूला तसाच एक छोटा, जरा फिकट गोल डाग. लोक कौतुक करत होते. मी दोन्हींवर पट्टी ठेवून सांगत होतो, हा एक काळा मेघ, हा दुसरा. नववीतली एक मुलगी बराच वेळ समोर उभी होती. ती म्हणाली, "सर, ह्या डागातून तारे दिसत नाहीत. पण ह्या दुसऱ्यातून तर बारीक बारीक तारे दिसतायत. असं का?"

मी म्हणालो, "तो ढग विरळ असेल." उत्तर पटण्यासारखे होते. मुलीने मान डोलावली आणि ती पुढे गेली. पण माझ्या पोटात काहीतरी हलले. विरळ ढगाने मागचे मंद तारे निदान कमी तरी व्हायला हवे होते. ते आजूबाजूला होते तितकेच होते. घरी जाऊन मी दुसऱ्या महिन्यातला, आकाशाच्या वेगळ्याच भागाचा फोटो उघडला. तोच डाग त्याच जागी. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापासून तितकाच दूर. तो माझ्या सेन्सरवर बसलेला धुळीचा कण होता. आमच्याच घरातला, आमच्याच गल्लीतला. आणि तो मी तीन दिवस शेकडो मुलांना शेकडो प्रकाशवर्षांपलीकडचा मेघ म्हणून दाखवला होता.

चूक कोणाच्याही हातून होते. मला बोच लागली ती त्या मुलीला दिलेल्या उत्तराची. मला माहीत नव्हते आणि मी साक्ष दिली. हर्षल दिसत नव्हते त्याला नाही म्हणाला, मी माझ्या डोळ्यातल्या कचऱ्याला आहे म्हणालो. सोमवारी वर्गात मी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि घडले ते सांगितले. मुले हसली. ती मुलगी हसली नाही. तिने विचारले, "मग सर, पहिला डाग तरी खरा कशावरून?" मी तिला त्यातून न दिसणारे तारे मोजायला बसवले. वोल्फने केले तेच.

आपल्या परंपरेत या प्रसंगाची फार जुनी बहीण आहे. बसऱ्याचे काजी इयास इब्न मुआविया यांच्या शहाणपणाचे किस्से जुन्या चरित्रग्रंथांत सांगितले जातात. त्यांतला एक असा. लोक नवा चाँद शोधत होते. कोणालाच दिसेना. हजरत अनस इब्न मालिक तेव्हा फार वृद्ध झालेले. ते म्हणाले, मला दिसला, तो पाहा. प्रेषितांच्या सहवासात वाढलेला माणूस, त्यांच्या सचोटीवर कोण शंका घेणार? इयास यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. भुवईचा एक पांढरा केस वळून डोळ्यापुढे आला होता. त्यांनी अदबीने तो केस सारखा केला आणि विचारले, आता दाखवा. चाँद नव्हता.

या किश्शात कोणी खोटारडे नाही, हे मला मोलाचे वाटते. वृद्धांनी पाहिले ते प्रामाणिकपणेच सांगितले. काजींनी त्यांना खोटे पाडले नाही, हात पुढे करून केस बाजूला केला. सचोटी असली की साक्ष खरी होते असे आपण मानतो. ते पुरेसे नाही. आपल्या आणि आकाशाच्या मधे काय आहे, हेही पाहावे लागते. अकराव्या शतकात प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीवरच्या शंकांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी बजावले आहे की सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या ग्रंथांवर शंका घ्यावी आणि परीक्षण करताना स्वतःवरही शंका घ्यावी. पहिला अर्धा भाग आपण आवडीने सांगतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे फ्लॅट घेणे.

मला हा धडा आकाशाबाहेरही लागू पडताना दिसतो. माझा एक फोटो कोणीतरी मोबाइलवर पुढे पाठवला, त्याखाली कुराणातल्या त्या आयतीचा हवाला, जिथे आकाश आरंभी धूर होते असा उल्लेख आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण तो मेघ आपल्याच आकाशगंगेतला, आधीच्या ताऱ्यांच्या राखेतून झालेला, विश्वाच्या आरंभानंतर अब्जावधी वर्षांनी जमलेला. आयतीवरची माझी श्रद्धा माझ्या फोटोवर टेकलेली नाही, आणि माझ्या फोटोने तिच्या बाजूने खोटी साक्ष द्यावी अशी तिला गरजही नाही.

आणि माणसांचे काय? आमच्या मोहल्ल्यांकडे बाहेरून पाहणारे बरेच जण हर्षलसारखे पाहतात. उजेड दिसत नाही, म्हणजे इथे काही नाहीच, या लोकांना शिकण्याची आसच नाही. अशा वेळी मोजावे लागते. २००६ च्या सच्चर अहवालाने तेच केले. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के आणि मुस्लिमांची ५९.१ टक्के, इथून सुरुवात करून कुठल्या पायरीवर मुले गळतात, हे त्याने दाखवले. पण आपल्यातही असे लोक आहेत की ज्यांना प्रत्येक काळा डाग बाहेरच्यांनीच आणलेला दिसतो. मुलीची शाळा सातवीत बंद केली, तो डाग आकाशातला नसतो. आपल्या काचेवरचा असतो.

फातिमा शेख यांच्याबाबत आपण दोन्ही चुका होताना पाहिल्या आहेत. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिला कष्ट होत असतील, तरी ती कुरकुरणार नाही, या अर्थाचा. मंद असला तरी तो प्रकाश खरा आहे. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर दावा झाला की अशी बाई झालीच नाही. हे आकाशाला भोक म्हणणे झाले. पण त्याआधी आपणही काय करत होतो? समकालीन कागदाचा आधार नसताना ९ जानेवारी ही तिची जन्मतारीख ठरवून टाकली, तिच्या तोंडी भाषणे घातली, पत्रातल्या त्या ओळीला ताणून ताणून भरगच्च चरित्र उभे केले. प्रेमानेच केले. पण ज्या दिवशी कोणी त्या चित्रातला एक रंगवलेला भाग दाखवून दिला, त्या दिवशी खरा भागही संशयात आला. तिच्यावर प्रेम करणाऱ्याने एवढेच म्हणायला हवे होते, की एक पत्र आहे, त्यात ती आहे, बाकी काळोख आहे आणि आम्ही शोधतो आहोत. त्या काळोखात तिच्यासारख्या आणखी किती असतील, हे तेव्हाच कोणीतरी मोजायला बसले असते.

दिसले ते दिसले म्हणावे. दिसले नाही ते दिसले नाही म्हणावे, नाही म्हणू नये. आणि दोन्ही म्हणण्याआधी आपला डोळा तपासावा. सांगायला सोपे आहे. मला यातले तिसरे अजून जमत नाही, विशेषतः मुले समोर उभी असतात आणि उत्तराची वाट पाहत असतात तेव्हा.

आता पठारावर गेलो की पहाटे कितीही घाई असली तरी फ्लॅट घेतल्याशिवाय उठत नाही. दुर्बिणीच्या तोंडावर ताणायला अब्बांच्या जुन्या कुर्त्याचा पांढरा तुकडा कापून ठेवला आहे. खाली वाडीतून कोंबडे ओरडतात, पूर्व उजळत जाते, वरचे तारे एकेक करून विझतात. तेव्हा मी माझ्या धुळीचे फोटो काढत असतो. तो जुना कण मी साफ करून घेतला. आता डावीकडे नवा एक बसला आहे.